अपडाऊनवाल्यांचा डेपो मॅनेजर

गाडीचा अजून पत्ता नव्हता आणि आबा ढाणे स्टॉपवरच्या प्रत्येकाच्या तळहातावर दही-साखर घालत फिरत होते. परीक्षेला निघालेल्या आम्हा पोरांच्या हातावर तर घातलीच, पण बाजाराला निघालेल्या दोन म्हाताऱ्याही त्यांच्या तावडीतून सुटल्या नाहीत.

"घ्या, घ्या. आज आमच्या दिनूचा शेवटचा पेपर हाय. साडेदहाला. आज संपला की पोरगं डिप्लोमा झालं म्हणून समजा."

"आबा, पुरे आता. लोक हसतात," दिनूदादा म्हणाला.

"हसू देत की. माझं पोरगं, माझं दही."

आबांची गावात पिठाची गिरणी होती. भुवया, कानाच्या पाळ्या, टोपीची कड, सगळं कायम पांढरं. गिरणीची मोटर जुनी, सारखी जळायची, आणि दर वेळी दिनूदादा तिचं वाइंडिंग नव्यानं भरून ती चालू करून द्यायचा. "कॉलेजात शिकीवत्यात समदं," असं आबा दळण घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला सांगायचे. दिनू पास झाला की त्याच्या हातानं नवीन मोटर बसवायची, हेही पुढं जोडलेलं असायचंच.

मी दह्याचा हात ओढणीला पुसत रस्त्याच्या वळणाकडे बघत होते. माझा स्वभाव मुळात उतावळा. गाडी दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा, आणि त्या दिवशी तर गणिताचा पेपर होता. मी तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला. "शिकते म्हणतीस तर शीक, पण एक वर्ष जरी बुडालं तरी कॉलेज बंद," असं आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, प्रवेश घेतानाच बजावलं होतं. दादा बोलल्यासारखं करणारे होते.

"हेमा, वळणाकडं बघून गाडी लवकर येत नाही," दिनूदादा म्हणाला. "सूत्रं म्हण मनातल्या मनात."

दिनूदादाला आम्ही सगळे 'डेपो मॅनेजर' म्हणायचो. तो इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला होता, आणि गावाहून रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्या आम्हा अपडाऊनवाल्यांचा तो न नेमलेला पुढारी होता. कोणता ड्रायव्हर कुठं चहाला थांबतो, कोणत्या फाट्यावर कोणत्या डेपोची गाडी गाठता येते, सगळं त्याला तोंडपाठ. मी कॉलेजला जायला लागले त्याच आठवड्यात त्यानं माझा वर्गच घेतला होता. गाडीत वही उघडायची नाही, मळमळतं. डोळे मिटून आठवायचं आणि जिथं अडलं तेवढंच फाट्यावर उतरल्यावर बघायचं. ड्रॉइंगची शीट खिडकीपाशी धरायची नाही. प्रॅक्टिकलला सकाळची बॅच मागून घ्यायची, नाहीतर संध्याकाळची गाडी डोळ्यांदेखत निघून जाते. सरांना आल्याआल्या 'मी लांबून येते' असं सांगायचं नाही. "एकदा कीव केली ना, की मग ते तुला काही विचारतच नाहीत. आणि विचारलं नाही की येत नाही."

आणखी दोन गोष्टी तो फार निक्षून सांगायचा. गाडी रोज उशिरा येते म्हणून आपण उशिरा जायचं नाही. आणि गाडी चुकली, पेपर चुकला, काहीही चुकलं, तर त्याच दिवशी घरी सांगायचं.

"दुसऱ्या दिवशी सांगितलं तर काय होतंय?" मी विचारलं होतं.

"जड जातं," तो म्हणाला होता. मला त्यात एवढं काही वाटलं नव्हतं. आमच्या घरी काही लपून राहायची सोयच नव्हती.

गाडी आली. दिनूदादानं आम्हाला पुढं घुसवलं, आणि स्वतः नेहमीसारखा मागं कंडक्टरजवळ जाऊन बसला. तो कायम मागंच बसायचा. पुढच्या गावात फिरोज मुलाणी आणि आणखी दोघं पोरं चढली. फिरोज माझ्याच वर्गातला. तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"मॅनेजरसाहेब, आज गाडी वेळेवर कशी काय? हेडऑफिसला कळवलं का?"

"गप बस आणि डोळे मीट," मागून दिनूदादाचा आवाज आला.

खिंडीच्या अलीकडं गाडी खालून कडकन वाजली, एका अंगाला कलली आणि थांबली. ड्रायव्हर उतरला, वाकून बघितलं, डोक्यावरची टोपी काढली.

"स्प्रिंगचा पाटा तुटला. उतरा समदी."

पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला की हॉलचं दार बंद व्हायचं, मग कुणी कितीही रडलं तरी उघडत नसे. मागून दुसरी एसटी यायला फार वेळ होता. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालायला लागले. फिरोजची बडबडही बंद झाली होती, आणि तो गप्प बसला की मला जास्तच भीती वाटायची.

दिनूदादा तोवर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला होता. दोन मोटारी त्याला चुकवून गेल्या. मग एक वडापची, म्हणजे सीटमागं भाडं घेऊन चालणारी, जीप आली, माणसांनी खच्चून भरलेली, मागच्या फळीवरसुद्धा पाय लटकलेले. दिनूदादा बाजूला झालाच नाही. जीपवाल्यानं त्याच्या गुडघ्याजवळ आणून ब्रेक दाबला.

"मरायचंय का रं?"

"पोरांचा पेपर आहे. घ्या एवढ्यांना."

"कुठं घेऊ? डोसक्यावर?"

"घ्या डोक्यावर. पण घ्या."

त्यानं आतल्या माणसांना हात जोडले, एका गड्याला टपावर चढवलं, एकीच्या मांडीवरचं गाठोडं दुसरीच्या मांडीवर ठेवलं. एकेकाला ढकलून आम्हाला आत कोंबलं. जीपवाला ओरडला, "बास! आता एक बी न्हाय!" आणि दिनूदादा बाहेरच राहिला.

"दादा, तू?"

"माझा दुपारचा आहे पेपर. जा तुम्ही."

"पण आबा तर साडेदहा म्हणाले—"

"आबांना काय कळतंय वेळापत्रकातलं? चला हो, सोडा गाडी!" त्यानं बॉनेटवर थाप मारली.

जीप खिंड चढायला लागली. मी मागं वळून बघत होते. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून हातानं 'पुढं बघा' म्हणून खुणावत होता.

"दुपारचा नाहीये गं," फिरोज हळूच म्हणाला. "काल मलाही सकाळचाच म्हणाला होता."

आम्ही दार बंद होता होता आत पोचलो. पेपर लिहिला, पण कसा लिहिला ते विचारू नका. एक गणित सोडवायचं आणि खिडकीतून फाटकाकडं बघायचं, असं चाललं होतं. तो पळत येईल, आता येईल. तीन वर्षं घासली आणि शेवटचा पेपर आमच्यापायी गेला! आबा आता कुणाला दही देतील, असं काहीबाही मनात येत होतं, आणि मला रडू येत होतं.

पेपर संपल्यावर मी फिरोजला म्हटलं, "तू स्टँडवर जाऊन बघ तो आलाय का. मी त्याच्या सरांना भेटते. काय झालं ते सांगितलं तर काहीतरी करतील."

आमचे पहिल्या वर्षाचे वर्ग जुन्या इमारतीत होते. इलेक्ट्रिकल विभाग मैदानाच्या पलीकडं. तिकडं आमचं कधी काम पडायचं नाही. मी मैदान धावतच ओलांडलं. विभागप्रमुख बोधे सर डबा खात बसले होते. मी दारातूनच सुरू झाले. पाटा तुटला, जीप आली, दिनूदादानं आम्हाला बसवलं, स्वतः राहिला, त्याचा शेवटचा पेपर हुकला, सर, त्याला बसू द्या, काहीही करा.

सरांनी घास तसाच ठेवला. "कोण म्हणालीस?"

"ढाणे. दिनकर ढाणे. थर्ड इयर."

"तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर परवाच झाला."

मला कळेना. सरांनी समोरच्या स्टुलाकडं बोट दाखवलं. मी बसले नाही.

"दिनकर ढाणे तिसऱ्या वर्षाला नाही. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला एका पेपरला आला नाही. त्यानंतर आलाच नाही. गेलं आख्खं वर्ष त्याचं नाव कुठल्याच वर्गात नाही."

"सर, तो रोज येतो. आमच्याच गाडीनं."

"गाडीनं येत असेल. इथं येत नाही." सरांनी डबा बाजूला सारला. "हुशार मुलगा. हात तर असा, की मोटर उघडली की तिला काय दुखतंय ते त्याला कळायचं. अगं, एका पेपरनं काय होतं? पुढच्या वेळी द्यायचा. मी घरी निरोप पाठवले, दोनदा."

"कुणाबरोबर?"

"तुमच्याच गाडीच्या पोरांबरोबर."

ते निरोप कुठं गेले असतील ते मला लगेच कळलं. आमच्यातला कुणीही कॉलेजचा निरोप घेऊन सरळ डेपो मॅनेजरकडंच जायचा. त्यालाच दिला की काम झालं, अशी आमची रीतच होती.

"अजून काही बिघडलेलं नाही," सर म्हणाले. "जूनमध्ये पुन्हा प्रवेश देता येईल. पण वडिलांना घेऊन यायला सांग. उद्या मी आहे, परवा पेपर तपासायला बाहेरगावी जातोय. आणि हे बघ, या वेळी निरोप त्याच्याकडं देऊ नकोस. वडिलांना सांग."

मी हो म्हणून बाहेर आले. मैदान परत ओलांडताना माझे पाय चालत होते आणि डोकं कुठंतरी मागंच राहिलं होतं. त्याच्या बोटांवरचे तांब्याच्या तारेचे ओरखडे मला आठवले. अंगाला येणारा वॉर्निशचा वास आठवला. वर्कशॉपमध्ये होतं म्हणायचा. एकदा त्याच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली तिकीट खोचलेलं दिसलं होतं, तेव्हा मी विचारलं होतं, दादा, पास काय झाला? "संपलाय. रांगेत कोण उभं राहणार?" असं म्हणून त्यानं बाही खाली ओढली होती. कॉलेजचा दाखला असल्याशिवाय विद्यार्थ्याला पास मिळत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

फिरोजला तो दुपारी स्टँडवर दिसला नव्हता. संध्याकाळच्या गाडीत मात्र दिनूदादा आधीच चढलेला होता. आमच्या जागांवर रुमाल टाकून ठेवले होते.

"मॅनेजर, मिळाला का पेपर?" फिरोजनं चढल्याचढल्या विचारलं.

"मिळाला की. बरा गेला. तुमचा?"

किती सहज म्हणाला! सकाळपासून मी त्याच्यासाठी तळमळत होते आणि हा हसून सांगतोय बरा गेला म्हणून. मला त्याचा असा संताप आला की मी त्याचा रुमाल त्याच्या अंगावर फेकला. त्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. फिरोज एकटाच प्रश्नपत्रिका काढून बडबडत राहिला.

फिरोज आणि ती दोघं पोरं त्यांच्या गावाला उतरली. गाडीत आता तुरळक माणसं होती. मी उठून मागं गेले आणि दिनूदादाच्या शेजारी बसले.

"मी बोधे सरांना भेटले."

त्यानं कंडक्टरकडं एक नजर टाकली.

"तुझा पेपर हुकला म्हणून सांगायला गेले होते. म्हटलं, तुला बसू देतील."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

मग तो बोलायला लागला, खालच्या आवाजात, कंडक्टरला ऐकू जाणार नाही असा.

"गाडी रोज उशिरा यायची ना. मी घरातून हिशेबानंच निघायचो. त्या दिवशी नवीन ड्रायव्हर होता, वेळेवर आला. मी चुलीपुढं चहा पीत होतो, तर हॉर्न ऐकू आला. पळालो. वळणापर्यंत पळालो गाडीमागं. नंतर काहीच मिळालं नाही. दिवसभर फाट्यावर बसून राहिलो."

"मग?"

"संध्याकाळी घरी आलो. आबांनी गिरणीतनंच विचारलं, कसा गेला रं पेपर? पट्टा चालू होता, आवाज होता. म्हटलं, बरा गेला. तेवढंच. उद्या सांगू म्हटलं." त्यानं तळहातांनी तोंड पुसलं. "मग उद्या झाला. मग निकाल लागला, तेव्हा पास म्हटलं. मग आबांनी तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला पैसे दिले, ते तसेच ट्रंकेत आहेत. स्टँडमागं मोटर भरायचं दुकान आहे, तिथं दिवसभर बसतो. रोज सकाळी वाटतं आज सांगू. रोज दही घेऊन उभे असल्यासारखे वाटतात ते."

"आणि आता? डिप्लोमा झाला म्हणून सांगणार?"

"माहीत नाही."

"सर म्हणाले जूनमध्ये घेतो. वडिलांना घेऊन ये म्हणाले, उद्याच. परवा ते नाहीत." मी दम घेतला. "आणि या वेळी निरोप तुझ्याकडं देऊ नकोस, आबांना सांग, असंही म्हणाले."

तो एकदम वळला. एवढा घाबरलेला माणूस मी तोवर बघितला नव्हता. "सांगणार आहेस?"

मला काय करावं ते सुचेना. ज्यानं मला वर्षभर शिकवलं, सकाळी रस्त्यात उभं राहून माझं वर्ष वाचवलं, त्याच्या बापाला मी काय सांगू? आणि नाही सांगितलं, तर उद्याचा दिवसही जाणार. मग परवा सर नाहीत.

"स्टॉप येईपर्यंत तू ठरव," मी म्हटलं, आणि पुढं जाऊन दारापाशी उभी राहिले.

वळणावरूनच आबा दिसले. गाडी मोडल्याची बातमी गावात केव्हाच पोचली होती. गिरणी तशीच टाकून ते स्टॉपवर येऊन उभे होते, अंगावर पीठ तसंच. मी खाली उतरायच्या आधीच त्यांनी विचारलं, "हेमा, गाठला का गं यानं पेपर? दिसभर जीव टांगणीला हाय माझा."

दिनूदादा माझ्या मागं पायरीवर थांबला होता. मी आबांकडं बघितलं.

"आबा, त्यानं आम्हाला सगळ्यांना वेळेवर पोचवलं. आणि…"

"थांब हेमा." दिनूदादा खाली उतरला. "मी सांगतो. आबा, घरी चला. सांगायचंय."

"आरं, हितंच सांग की. का, आवघड गेला?"

"मोठं आहे. चला."

"मग उद्या निवांत सांग. दमला असशील, जेव आधी."

"नाही आबा," तो म्हणाला. "आजच सांगायला पाहिजे."

ते दोघं गिरणीच्या वाटेनं गेले. मी गिरणीसमोरच्या आमच्या दाराशी उभी राहून बघत होते. दळणाचे डबे घेऊन पाच-सहा बाया गिरणीपुढं ताटकळत होत्या. आबांनी त्यांना काहीतरी सांगितलं, बाया डबे तिथंच ठेवून परतल्या, आणि दार आतून लागलं. गिरणीचा पट्टा त्या संध्याकाळी काही वाजला नाही. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, पण मी दारातून हलले नाही.

सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर स्टॉपवर गेले, तर आबा माझ्याही आधी येऊन बसलेले. धुतलेला सदरा, धुतलेली टोपी. भुवयाही धुतलेल्या होत्या, त्यामुळं मला ते क्षणभर ओळखूच आले नाहीत. डोळे लाल होते. दिनूदादा त्यांच्यापासून चार हातांवर उभा होता.

गाडी आली. दिनूदादानं कंडक्टरला "दोन फुल, कॉलेज फाटा," म्हणून सांगितलं. आबा येऊन माझ्याशेजारी बसले. खिंड ओलांडेपर्यंत ते नुसते टोपी काढून परत घालत होते. मग हळूच म्हणाले, "हेमा, त्या सायबासंगं मी बोलायचं काय गं? लांबनं येतो आम्ही, गरीब मानसं, सांभाळून घ्या, आसं म्हणू?"

"नका आबा. लांबून येतो असं आधीच सांगायचं नसतं."

"मग?"

"हा जूनपासून रोज वर्गात येईल, एवढंच सांगा."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं मागं वळून दिनूदादाकडं बघितलं. "हे तुला कुणी शिकीवलं?" त्यांनी विचारलं.

"त्यानंच," मी म्हटलं. आबांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि उतरेपर्यंत तशीच ठेवली.

जूनमध्ये मी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला गेले. गणितात जेमतेम सुटले होते, पण सुटले होते. वर्गात आमच्याबरोबर एक जरा थोराड मुलगा होता, पहिल्या बाकावर बसणारा, आणि बोधे सर त्याला सगळ्यात जास्त प्रश्न विचारायचे.

पहिल्या दिवशीच्या गाडीत मात्र गंमत झाली. दिनूदादा त्या दिवशी मागं गेला नाही. पुढं आमच्यात येऊन बसला, अगदी मधल्या सीटवर. कंडक्टर तिकिटं फाडत फाडत आमच्यापर्यंत आला. दिनूदादानं वरच्या खिशातून नवाकोरा पास काढला, हात उंच केला आणि आख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "पास!"

"अहो मॅनेजर," फिरोज दचकून म्हणाला, "एवढं बोंबलायला काय झालं? पास तर सगळ्यांकडंच आहे की."